जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

'जीर्णोद्धार' हा शब्द आपण देवळे, घाट आणि वाडे ह्यांच्यापुरता राखून ठेवला आहे. एखाद्या मोटारीला, आणि त्यातही केवळ हौसेखातर घेतलेल्या दोन आसनांच्या उघड्या मोटारीला, तो लावणे काही श्रोत्यांना अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु दोन्ही कामांत पहिला प्रश्न एकच असतो. जे जीर्ण झाले आहे त्यातले ठेवावयाचे काय आणि काढावयाचे काय? आपल्या खेड्यांतून शेकडो वर्षांच्या काळ्या पाषाणाच्या देवळांना निळ्या-गुलाबी तैलरंगाचे हात दिलेले आपण पाहतो. भक्ती खरी असते, पैसा खरा असतो, श्रमही खरे असतात. देऊळ तेवढे नाहीसे होते. जुन्या मोटारींचेही पुष्कळदा असेच होते. गंजलेली, हवा गेलेल्या चाकांवर बसलेली गाडी कोणी प्रेमाने विकत घेतो. वर्षा-दोन वर्षांनी ती आरशासारखी झळकत बाहेर पडते. लोक छायाचित्रे घेतात. आणि जाणकार माणूस तिच्याभोवती एक फेरी मारून गप्प राहतो. तो गप्प का राहतो, हे सांगण्याचा आज माझा विचार आहे.

पुण्याच्या श्रोत्यांना हा विषय अगदीच परका वाटू नये. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, आणि पुढे मोटारी आल्या तेव्हा मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींना आपल्या गाडीची परीक्षा घेण्यास घरापासून फार दूर जावे लागले नाही. सपाट रस्त्यावर कोणतीही गाडी पळते. ती चढावर तापते की नाही आणि उतारावर थांबते की नाही, हे घाटच सांगतो. त्या काळच्या वेगवान मोटारींची गोष्ट निघाली की जे. आर. डी. टाटा ह्यांच्या निळ्या बुगाटीची आठवण निघतेच. तरुणपणी ही गाडी मुंबईत भरधाव चालविण्यावरून त्यांच्यावर प्रकरण उद्भवले आणि वकील जॅक विकाजी ह्यांचा सल्ला घेण्याची वेळ आली. त्या परिचयातून विकाजींची पुतणी थेल्मा हिच्याशी त्यांची ओळख झाली, आणि १९३० साली उभयतांचा विवाह झाला. मोटारीच्या वेगाने इतके गोड फळ क्वचितच कोणाला दिले असेल.

अशी मोटार म्हणजे निव्वळ शर्यतीची मोटार नव्हे. शर्यतीची गाडी एका कामासाठी जन्मते. स्पोर्ट्स मोटार मात्र आठवडाभर कचेरीत जाणाऱ्या माणसाने रविवारी स्वतःसाठी चालवावयाची असते. ती हलकी असावी, बैठक खाली असावी, रस्ता हाताच्या तळव्यांना कळावा, आणि घरच्या अवजारांनी तिची दुरुस्ती व्हावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. ही शेवटची अपेक्षा आज विस्मृतीत गेली आहे. पूर्वी मोटारीबरोबर पान्यांचा संच आणि व्हॉल्व्हची फट कशी साधावी हे सांगणारी पुस्तिका येत असे.

आता, ह्या गाड्या आपल्या देशात टिकल्या कशा, ही कथा मला त्यांच्या वेगाहून अधिक चित्तवेधक वाटते. १९५३ साली सरकारने धोरण ठरविले की, ज्या कंपन्या येथे क्रमाक्रमाने प्रत्यक्ष उत्पादन करण्याचा बेत मांडणार नाहीत, त्यांनी परदेशी भाग आणून नुसती जोडणी करण्याचा धंदा आटोपता घ्यावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड ह्यांनी गाशा गुंडाळला. पुढची कित्येक दशके रस्त्यावर मुख्यतः तीन घराण्यांच्या मोटारी दिसत: हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर, वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, आणि मद्रासची स्टँडर्ड. विलायती स्पोर्ट्स गाडी बाहेरून आणणे सामान्य श्रीमंतालाही दुरापास्त झाले. जी मूठभर वाहने आधीच आली होती ती येथेच अडकली, आणि त्यांचे सुटे भाग मात्र समुद्रापलीकडे राहिले.

येथे आपल्या मिस्त्रींनी काय केले? त्यांनी नातीगोती शोधून काढली. ॲम्बॅसडरच्या बोजड, संसारी अंगात जे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन १९५९ पासून बसविले जात होते, ते त्याच इंग्रज घराण्याचे होते ज्यातले इंजिन १९५५ च्या डौलदार एम.जी.ए. ह्या स्पोर्ट्स गाडीत होते. तेव्हा एम.जी.ए.चा धनी जेथे टॅक्सीवाला जाई त्याच दुकानी जाऊन आपली गरज भागवू शके. मद्रासला बनणारी हेरल्ड आणि इंग्लंडातील ट्रायम्फ स्पिटफायर ह्यांचेही असेच. दोघींची हाडे एका घराची. श्रीमंत बहिणीचे दागिने गरीब बहिणीच्या पेटीत सापडावेत तसा हा प्रकार होता. पण ज्या गाडीला असे नातेवाईक नव्हते, तिचे काय? तिचे इंजिन बसले की ते काढून टाकीत आणि जागी फियाटचे किंवा ॲम्बॅसडरचे इंजिन ठोकून बसवीत. त्यासाठी कधी चासीचा आडवा पट्टा कापावा लागे, कधी फूटबोर्डाला भोक पडे. गाडी चालू राही.

पुढे परदेशातून सुटे भाग मागविणे सोपे झाले, हौशी माणसाच्या हाती पैसा आला, आणि ह्या गाड्यांना पुन्हा मूळ रूप देण्याची लाट आली. तेव्हा त्या मिस्त्रींची थट्टा करण्याची एक रीत पडली. मला ती कृतघ्नपणाची वाटते. ते फियाटचे इंजिन नसते तर ती गाडी १९७० सालीच भंगारात गेली असती. परंतु कायदा असल्या कृतज्ञतेवर चालत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये प्राचीन मोटारींच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि जिच्या चासीत, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, अशीच गाडी त्यांत बसते. तिला 'व्ही.ए.' ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि पुढे नूतनीकरणास ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्याने वापरता येत नाही. प्रदर्शन, मिरवणूक, तांत्रिक संशोधन, आणि इंधन भरणे वा दुरुस्तीला नेणे, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणावयाची.

म्हणजे पाहा, ज्या दुरुस्तीने गाडी वाचली तीच दुरुस्ती आज तिच्या ओळखीच्या आड येते. माझे मत असे आहे की जुन्या दुरुस्त्यांचे दोन वर्ग करावेत. ज्या उलट करता येतात, म्हणजे जेथे नुसते नट-बोल्ट सोडून मूळ वस्तू पुन्हा बसू शकते, त्या निरुपद्रवी समजाव्यात आणि घाईने काढू नयेत. ज्यांत करवत चालली आहे त्यांचा विचार प्रथम करावा. आणि आपण स्वतः जे करू तेही पहिल्या वर्गातलेच असावे. उद्या दुसऱ्या कोणाला ते सहज काढता आले पाहिजे.

हे सर्व मोघम राहू नये म्हणून एकच गाडी समोर घेऊ. जिच्याशी माझा अनेक वर्षांचा सहवास आहे ती एम.जी. टी.सी. एम.जी. म्हणजे ऑक्सफर्डचे मॉरिस गॅरेजेस. सेसिल किंबर नावाच्या कल्पक गृहस्थाने ह्या दुकानाला मोटारींचा कारखानदार बनविले. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४५ च्या अखेरीस, ॲबिंग्डनच्या कारखान्यातून टी.सी. बाहेर पडू लागली, आणि १९४९ पर्यंत तिच्या सुमारे दहा हजार प्रती निघाल्या. किंबर ती पाहण्यास राहिला नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत लंडनच्या स्थानकाजवळ आगगाडीच्या अपघातात त्याचा अंत झाला होता. आज हे नाव गुजराथेत हालोल येथे बनणाऱ्या अगदी निराळ्या मोटारींवर दिसते. त्यांचा आणि हिचा संबंध नावापुरता आहे.

टी.सी.च्या पहिल्या प्रतीचा क्रमांक एक नव्हता, २५१ होता. कारण कारखान्याचा दूरध्वनी क्रमांक २५१ होता. गाडी घेऊ पाहणाऱ्याने प्रथम चासीवरचा क्रमांक शोधावा, तो कागदपत्रांशी जुळवावा, आणि मगच रंगाकडे डोळा उचलावा. इंजिन १२५० घनसेंटिमीटरचे, ५४ अश्वशक्तीचे. आजच्या एखाद्या लहानशा कौटुंबिक मोटारीपुढेही हे बळ किरकोळच. पण तीत आकाशाखाली, रस्त्यापासून वीतभर उंचीवर बसल्याचा भास होत असल्यामुळे ताशी चाळीस मैलांचा वेगसुद्धा पुरेसा वाटतो. एक गंमत सांगतो. ह्या गाडीत चालविणाऱ्याच्या पुढे इंजिनाचे फेरे दाखविणारी तबकडी आहे, आणि वेगाची तबकडी शेजारी बसणाऱ्यापुढे. त्यामुळे वेग फार झाला हे गृहस्थाच्या आधी गृहिणीला कळते, आणि ती तसे सांगते.

ही गाडी उघडावयास बसले की पहिलाच अडथळा पान्यांचा. नाना पेठेतल्या बाजारात मिळणारा उत्तम पानाही तिच्या नटाला बसत नाही. तेराचा पाना शिरत नाही, चौदाचा निसटतो, आणि निसटला की नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो. कारण हे नट व्हिटवर्थ मापाचे आहेत. जोसेफ व्हिटवर्थ ह्याने १८४१ साली आट्यांना पहिले प्रमाण माप घालून दिले, आणि त्याच्या पान्यावरचा अंक नटाच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. 'पाव' असे लिहिलेल्या पान्याचे तोंड १३.३ मिलिमीटर भरते. इतके समजले की वाटते, आता सुटलो. पण इंजिनाला हात लावताच पुन्हा घोटाळा. नटाचे डोके इंग्रजी आणि आतले आटे फ्रेंच! पहिल्या महायुद्धात हॉचकिस नावाच्या फ्रेंच शस्त्र-कारखान्याने इंग्लंडात कोव्हेंट्रीला शाखा काढली आणि आपली मिलिमीटर मापाची यंत्रे तेथे मांडली. युद्ध संपल्यावर ते मॉरिससाठी इंजिने करू लागले, आणि १९२३ साली मॉरिसने तो कारखानाच घेतला. यंत्रे बदलणे खर्चाचे होते. म्हणून आटे मिलिमीटरचे राहिले, आणि इंग्रज मिस्त्रीच्या पेटीतला पाना चालावा म्हणून डोकी व्हिटवर्थ मापाची केली. ती परंपरा तीस वर्षे चालली.

हे आपणास सांगण्याचे कारण असे की, ज्या गाड्या आज 'पूर्ण नव्या' होऊन येतात त्यांत बहुधा हे नट-बोल्ट प्रथम फेकले जातात. आटे जुळत नाहीत असे पाहून भोक मोठे करतात, नवे आटे पाडतात, आणि चकचकीत बोल्ट बसवितात. बाहेरून काही दिसत नाही. पण ओतीव लोखंडाचा तो ठोकळा आता पुन्हा पहिल्यासारखा होणे नाही. खरे म्हणजे भोसरीच्या एखाद्या चांगल्या लेथवाल्याला जुना बोल्ट नमुना म्हणून नेऊन दिला तर तो दोन दिवसांत तसाच करून देतो. त्याला मापाची भीती नसते. आपणच विचारावयास जात नाही. त्याहून सोपा उपाय म्हणजे जुने बोल्ट घासलेटात भिजवून, तारेच्या ब्रशाने साफ करून, ज्या भोकातून निघाले त्याच भोकाच्या नावाच्या डबीत ठेवणे. माझ्या मते ह्या छंदात सर्वांत महत्त्वाचे उपकरण म्हणजे रिकाम्या डब्या आणि चिठ्ठ्या होत.

आता अंगाकडे वळू. ह्या मोटारीचे अंग पत्र्याचे दिसते, पण आत लाकडाचा सांगाडा आहे. इंग्लंडात पूर्वी हॉकीच्या काठ्यांना वापरीत ते ॲश जातीचे चिवट लाकूड, आणि त्यावर खिळ्यांनी, पट्ट्यांनी ताणून बसविलेला पत्रा. पत्रा गंजतो तो दिसतो. लाकूड सडते किंवा वाळवी पोखरते ते दिसत नाही. पारखणारा म्हणून प्रथम दार उघडतो. टी.सी.चे दार मागच्या बाजूला बिजागरांवर झुलते. ते उघडताच खाली ओघळले, किंवा बंद करताना उचलून लावावे लागले, तर खांब गेला असे समजावे. आपल्याकडे बदली लाकूड म्हणून साग घालतात. साग वाळवीला दाद देत नाही, ओलीने फुगत नाही, हे त्याचे गुण. परंतु त्याच्या अंगात तेल असल्यामुळे सरस नीट धरत नाही, आणि ॲशसारखा तो लवतही नाही. घाटाच्या रस्त्यावर ही गाडी सर्व अंगाने थोडी थोडी पिळवटते. ती तशी पिळवटावी म्हणूनच लाकूड आहे. तेव्हा सांधे नुसत्या सरसावर न सोडता खाचा-कुसवांचे करावेत, आणि जेथे जुने ॲशचे लाकूड शाबूत आहे तेथे सडका तुकडाच काढून जोड द्यावा. सबंध सांगाडा बदलणे सुताराला सोपे जाते, म्हणून तो तसे सुचवितो. धन्याने थोडा आग्रह धरावा.

पत्र्याची परीक्षा लोहचुंबकाने करावी. रंगाखाली जेथे चुंबक चिकटत नाही तेथे पत्रा नाही, लांबी आहे. मोटार रंगविणारे जिला लांबी म्हणतात त्या लुकणाने बोटभर खड्डेदेखील बुजविता येतात, आणि पहिल्या वर्षी कोणालाही कळत नाही. पावसाळ्यात आत ओल धरली की तीच लांबी पापुद्र्यासारखी सुटते. खरे काम हातोड्याचे. कसबा पेठेतल्या तांबट आळीवरून जाताना जो लयबद्ध ठोका ऐकू येतो, तो ह्याच विद्येचा. घंगाळाला तांबट जो मठार देतो त्यात घाव जोराचा नसतो. धातू एका जागेवरून शेजारच्या जागेकडे हळूहळू सरकविण्याचे ते काम आहे. मडगार्डाचा पोचा काढणारा कुशल डेंटर नेमके हेच करतो. आतून एक ठोकळा धरतो, बाहेरून हलके घाव देतो, आणि तळहात फिरवून उंचवटा तपासतो. डोळ्यांवर त्याचा विश्वास नसतो. असे हात पुण्यात अजून आहेत, परंतु त्यांतल्या पुष्कळांचे केस पिकले आहेत. त्यांची मुले शिकून कारखान्यांत लागली, ह्याचा कोणी विषाद मानू नये. मात्र ती विद्या कोणाच्या तरी हाती गेली पाहिजे, आणि ती पुस्तकातून जात नाही. मोटार नीट करवून घेणाऱ्याने मिस्त्रीच्या हाताखाली एक होतकरू मुलगा ठेवण्याचे थोडे जास्त पैसे द्यावेत, असे मी नेहमी सुचवितो.

रंगाविषयी थोडक्यात. त्या काळचा सेल्युलोजचा रंग मऊ तजेल्याचा असे; आजचा दोन द्रावणांचा रंग काचेसारखा चमकतो. जुना रंग निम्मा-अधिक शिल्लक असेल तर तो राखावा. कातडी गाद्यांचेही तेच.

चाके मात्र आपल्या शहराला साजेशी आहेत. पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर होते, आणि टी.सी.ची एकोणीस इंची, तारांची चाके म्हणजे सायकलीच्या चाकाचा थोर भाऊ. तार सैल झाली की चाक डुलते. चाकाचा आऊट काढणे हे काम ज्या म्हाताऱ्या सायकलवाल्याला साधते, त्याला थोडे समजावून दिले तर हेही साधते. मधोमध एकच मोठा दोन कानांचा नट असतो. तो तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोड्याने ठोकून आवळावयाचा. गाडीच्या दोन बाजूंच्या नटांचे आटे उलटसुलट असतात, आणि चाकांची हबे उलट बाजूंना बसविली तर चालता चालता नट आपोआप सुटू लागतो. असली चूक जिवावर बेतते, म्हणून येथे घाई नको.

ह्या गाडीचा खरा श्वास म्हणजे तिचे दोन एस.यू. कार्ब्युरेटर. हे नाव स्किनर बंधूंचे. त्यांचे घराणे पादत्राणांच्या व्यापारातले, आणि म्हणून की काय, त्यांच्या अगदी पहिल्या कार्ब्युरेटरात चामड्याचा भाता होता! पुढे भात्याच्या जागी पितळी-ॲल्युमिनियमचे दट्ट्याचे घर आले. त्याची रचना अशी. पेट्रोल येण्याच्या बारीक नळीत वरून एक निमुळती सुई सोडलेली असते. इंजिनाने जोराने हवा ओढली की दट्ट्या वर उचलला जातो, त्याच्याबरोबर सुई वर येते, आणि नळीचे तोंड अधिक मोकळे होते. हवा अधिक तर पेट्रोल अधिक. हवा कमी तर पेट्रोल कमी. ह्याहून सरळ युक्ती मी यंत्रशास्त्रात फारशी पाहिली नाही. दोन कार्ब्युरेटर असले की दोघांनी सारखी हवा घेतली पाहिजे. ते पाहावयाचे कानाने. रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरावे. एकाचा फूत्कार मोठा आणि दुसऱ्याचा बारीक असेल तर स्क्रू फिरवीत दोन्ही आवाज एका पट्टीत आणावेत. तंबोरा लावणाऱ्या माणसाला हे काम पहिल्या बैठकीत जमते, असा माझा अनुभव आहे.

परंतु ह्याच कार्ब्युरेटरपुढे आज एक नवा पेच उभा आहे. आपल्या देशात २००० साली शिसे घातलेले पेट्रोल बंद झाले. शिशाचा सूक्ष्म थर व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करी. ते गेल्यावर जुन्या ओतीव लोखंडाच्या बैठका झिजू लागल्या. इंजिन उघडले असता कठीण पोलादाची कडी बसवून हा प्रश्न कायमचा मिटविता येतो. त्यानंतरचा बदल अधिक खोल आहे. पेट्रोलात मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, मिसळण्याचे प्रमाण वाढत वाढत २०२५ साली वीस टक्क्यांवर आले. हा मद्यार्क बऱ्याच अंशी उसाचा असल्यामुळे आपल्याकडील साखर कारखान्यांना त्यात मोठे हित आहे, आणि परकी तेलाचा खर्च वाचतो हेही खोटे नाही. पण १९४७ च्या गाडीला त्याची कल्पना कोणी दिली होती? तिच्या कार्ब्युरेटरातील बुचाच्या चकत्या, पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम हे सर्व निव्वळ पेट्रोलासाठी केलेले. मद्यार्क त्यांना फुगवितो, मऊ करतो. शिवाय तो हवेतले पाणी शोषून घेतो, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी बसून आतून गंज चढवते. मद्यार्काला जळावयास हवा कमी लागते, म्हणजेच तितक्याच हवेला इंधन अधिक द्यावे लागते. ते न दिल्यास मिश्रण विरळ होऊन इंजिन तापते आणि धापा टाकते. उपाय आहेत. मद्यार्काला टिकणाऱ्या नव्या नळ्या व चकत्या घालाव्यात, कार्ब्युरेटरच्या खालचा नट थोडा फिरवून नळी खाली घ्यावी, आणि तेवढ्याने न भागल्यास थोडी अधिक निमुळती सुई घालावी. हे सारे बदल उलट करता येण्याजोगे आहेत, म्हणून मी ते बिनदिक्कत करावेत असे म्हणतो. मूळपणाच्या हट्टापायी जुनी रबरी नळी ठेवणे हा शहाणपणा नव्हे. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर मूळ आणि नक्कल दोन्ही जळतात.

ह्यानंतर घाट. खोपोली सोडून जुन्या रस्त्याने वर निघालो की शिंग्रोबाच्या देवळाशी पोहोचेपर्यंत गाडीची खरी स्थिती कळून चुकते. आजच्या मोटारीच्या रेडिएटरचे टोपण दाब धरते, म्हणून तिचे पाणी शंभर अंशांच्या बरेच वर जाऊन उकळते. टी.सी.चे टोपण तसे नाही. पाणी शंभराला टेकले की वाफ झाली. तेव्हा रेडिएटर आतून स्वच्छ असणे हेच तिचे संरक्षण. सत्तर-पाऊणशे वर्षांचा क्षार नळ्यांत साठलेला असतो. चांगला रेडिएटरवाला वरची टाकी कथलाचा डाख वितळवून काढतो, प्रत्येक नळीतून सळई घालतो, आणि पुन्हा डाख देऊन बसवितो. हे न करता मोठा विजेचा पंखा लावून देणारे पुष्कळ आहेत. एकदा चढावर एका ओळखीच्या गृहस्थांची अशी गाडी वाफ सोडीत उभी राहिली. त्यांनी रंगावर जेवढा खर्च केला होता त्याच्या विसाव्या भागात ते काम झाले असते. अशा वेळी तापलेले टोपण उघडू नये, इंजिन एकदम बंद करून थंड पाणी तर मुळीच ओतू नये. गाडी वाऱ्याच्या तोंडाला उभी करावी, इंजिन मंद फिरू द्यावे, आणि वीस मिनिटे खाली दिसणाऱ्या कोकणाकडे पाहावे.

श्रोतेहो, पुष्कळ जण विचारतात की अशी गाडी वर्षातून किती चालवावी. कायद्याने रोजच्या वापराला बंदी आहे, आणि ती असावीही. पण अजिबात न चालविलेली गाडी चालविलेल्या गाडीहून लवकर मरते. तेलसीले आखडतात, ब्रेकचे पिस्टन धरतात, उंदीर तारा कुरतडतात. दर पंधरा दिवसांनी पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करणे ही तर चुकीची दया होय. त्याने आत नुसते पाणी साचते, तेल तापत नाही. एकदाच, पण तेल पुरते गरम होईपर्यंत, नियमांत बसेल अशा निमित्ताने गाडी फिरवून आणावी. पावसाळ्यात ती ठेवावयाचीच असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून वाळवावी, बॅटरी सोडावी, चासी ठोकळ्यांवर घेऊन चाकांवरचा भार काढावा, आणि वर रबरी ताडपत्री न घालता सुती चादर घालावी. ताडपत्रीखाली ओल कोंडते, आणि लाकडाला कोंडलेल्या ओलीइतका वैरी नाही.

खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली की गाडी बाहेर काढण्यास योग्य वेळ येते. बॅटरी जोडताना एक ध्यानात ठेवावे की ह्या गाडीत धन टोक चासीला असते, ऋण नव्हे. आजच्या सवयीने उलटे जोडले तर बरेच नुकसान होते. ताजे पेट्रोल घालून किल्ली फिरविली की विजेचा पंप टिकटिक करू लागेल. कार्ब्युरेटर भरले की टिकटिक आपोआप थांबेल. ती थांबली नाही तर कोठेतरी गळती आहे, पुढे जाऊ नये. थांबली तर स्टार्टर ओढावा आणि तेलाच्या दाबाचा काटा वर सरकेपर्यंत इंजिन हळूच फिरू द्यावे. दसऱ्याची झेंडूची माळ घालावयाची ती दिव्यांना घालावी, रेडिएटरच्या जाळीपुढे बांधू नये. घाटात वारा तेथूनच आत जावयाचा असतो.